लाकडाच्या साखरेचा ताळेबंद

साखर कारखान्यातला केमिस्ट आम्लाला घाबरतो. उसाचा रस मिलमधून निघतो तेव्हाच आंबटसर असतो, पीएच सव्वापाच-साडेपाचच्या आसपास. तो तसाच तापवला तर त्यातलं सुक्रोज फुटतं आणि त्याचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. याला आम्ही इन्व्हर्जन म्हणतो. फुटलेल्या साखरेचा दाणा धरत नाही. ती मळीत जाते आणि तेवढा उतारा घसरतो. मग सकाळच्या मीटिंगला चेअरमनसाहेबांपुढे केमिस्ट उभा. म्हणून रस आला की चुना, मग गंधकाचा धूर, आणि दर तासाला पीएच. माझं निम्मं आयुष्य सांगली भागातल्या कारखान्यांत हेच सांभाळण्यात गेलं. रात्रपाळीच्या पोराचा ‘साहेब, पीएच उतरलाय’ असा फोन आला की झोप उडायची.

त्यामुळे लाकडापासून साखर काढण्याची हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला सगळा उफराटा कारभार वाटला. इथे साखर आम्लापासून वाचवायची नव्हती, आम्लाकडूनच करून घ्यायची होती. लाकूड, कापूस, गवत, उसाचा चोथा या सगळ्यांत सेल्युलोज असतं, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक ओवलेले. पिठातला स्टार्चही ग्लुकोजचाच, पण त्यातला सांधा आपल्या पोटाला सोडवता येतो. सेल्युलोजचा सांधा वेगळ्या ठेवणीचा. तो गाईच्या पोटातल्या जिवाणूंना सोडवता येतो, आपल्याला नाही. आम्ल मात्र दोन्ही सोडवतं.

हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं आंरी ब्राकोनो या फ्रेंच माणसाने, १८१९ साली. तो नान्सी गावातल्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. त्याने लाकडाचा भुसा, गव्हाचं काड, झाडाची साल, जुन्या कापडाच्या चिंध्या असं हाताला लागेल ते घेतलं, तीव्र गंधकाम्लात घालून त्याचा लगदा केला, पाणी घालून तो उकळला आणि खडूची पूड टाकून आम्ल मारलं. तळाशी जिप्सम बसलं आणि वरच्या पाण्यात साखर उतरली. चिंध्यांच्या वजनापेक्षा साखरेचं वजन जास्त भरतं, असं तो सांगत होता. ऐकणाऱ्याला ती थाप वाटावी, पण हिशोब चोख आहे. सेल्युलोजचा एक सांधा तुटताना पाण्याचा एक रेणू आत घेतला जातो, १६२ चे १८० होतात. म्हणजे शंभर किलो शुद्ध सेल्युलोजमधून कागदोपत्री १११ किलो ग्लुकोज. कॉलेजात असताना आम्ही जखमेच्या कापसावर हा प्रयोग केला होता. शेवटी फेलिंगच्या द्रावणात विटकरी साका बसला, म्हणजे साखर तयार झाली होती, तेव्हा सरांनी नुसती मान हलवली. ते पाणी चाखून बघायची मात्र कोणाची छाती झाली नाही.

ब्राकोनोचं दुर्दैव असं की तो उशिरा आला. दहा-बारा वर्षं आधी युरोपात साखरेची खरी चणचण होती. नेपोलियनने १८०६ साली इंग्रजांच्या व्यापाराला बंदरं बंद केली, वेस्ट इंडीजची उसाची साखर येईनाशी झाली, आणि त्या टंचाईत फ्रान्सने बीटची साखर उभी केली. १८११ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये किर्खहॉफने स्टार्चला पातळ आम्लात उकळून गोड पाक काढला, तोही त्याच चणचणीत. ब्राकोनोची साखर आली तेव्हा नेपोलियन सेंट हेलेनाला पोचला होता आणि जहाजांतून उसाची साखर पुन्हा उतरत होती. वरातीमागून घोडं! शिवाय त्याच्या पद्धतीत लाकूड कमी आणि आम्ल जास्त लागायचं. आम्ल विकत घ्यायचं, ते मारायला खडू विकत घ्यायचा आणि शेवटी जिप्समचा ढीग कुठे टाकायचा ते शोधायचं. साखर मिळाली खरी, पण तिच्यापेक्षा तिच्या मागचं बिल मोठं. पुढची शंभर वर्षं या धंद्याला हेच बिल नडलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या जॉर्जटाउनला आणि लुइझियानातल्या फुलर्टनला भुशापासून अल्कोहोल काढणारे कारखाने चालले. शेजारी लाकडाच्या मोठ्या गिरण्या, भुसा फुकटासारखा. पहिलं महायुद्ध संपलं, गिरण्यांचं लाकूड कमी झालं, कॅरिबियन बेटांतली मळी स्वस्त झाली आणि ते बंद पडले. या ओळी लिहिताना मला थोडं हसू येतं. मळीने त्यांना मारलं आणि आमच्या डिस्टिलऱ्या तिच्यावरच जगल्या.

खरी झटापट जर्मनीत झाली, आणि ती दोन वाटांनी झाली. तांत्रिक माणसाला इथे रेंगाळल्याशिवाय राहवत नाही.

पहिली वाट फ्रीडरिश बेर्गिउसची. कोळशावर प्रचंड दाबाखाली हायड्रोजन सोडून त्यापासून तेल काढण्याची रीत त्याची. १९३१ साली कार्ल बॉशबरोबर त्याला नोबेल मिळालं ते उच्च दाबाच्या कामासाठी. पण पहिल्या महायुद्धापासून त्याच्या डोक्यात लाकूड बसलं होतं. १९१३ साली विलश्टेटर आणि झेचमाइस्टर यांनी दाखवलं होतं की ४०-४१ टक्क्यांचं, धूर सोडणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड घेतलं तर सेल्युलोज साध्या तापमानालाच विरघळतं. बेर्गिउसने त्याचा कारखाना करायचं मनावर घेतलं. मानहाइमजवळ राइनाउला आणि पुढे रेगेन्सबुर्गला ते कारखाने उभे राहिले. बीटच्या कारखान्यात असते तशी डिफ्यूजरांची रांग, लाकडाचे तुकडे भरलेले आणि एकातून दुसऱ्यात जाणारं ॲसिड. शंभर किलो कोरड्या लाकडातून साठीच्या वर साखर निघायची. उतारा ऐकून कोणाचेही डोळे दिपतील.

पण ते ॲसिड! आमच्या लॅबमध्ये याची बाटली उघडी राहिली तर शेजारच्या तराजूला गंज चढायचा. इथे तर टाक्याच्या टाक्या. लोखंड चालत नाही, तांबं चालत नाही, प्रत्येक भांड्याला आतून आम्ल न खाणारं अस्तर हवं. आणि ॲसिड इतकं महाग की ते फेकून चालत नाही. व्हॅक्यूमखाली उकळून साखरेतून ते परत काढायचं आणि पुन्हा तीव्र करायचं. साखर बनवण्यापेक्षा ॲसिड गोळा करण्यातच कारखान्याचा जीव जायचा. कोळशाच्या शोधातून आलेला पैसा बेर्गिउसने या लाकडात घातला. युद्धानंतर तो देश सोडून गेला, अर्जेंटिना सरकारचा सल्लागार झाला आणि १९४९ साली बुएनोस आयरेसला वारला.

दुसरी वाट हाइनरिश शोलरची, हॅम्बुर्गजवळच्या टोर्नेशची. त्याने आम्ल अगदी पातळ केलं, एका टक्क्याहूनही कमी गंधकाम्ल, आणि तापमान वाढवलं, पार १८० अंशांपर्यंत. यात नवी पंचाईत अशी की गरम आम्लात तयार झालेली साखर तशीच बसू दिली तर करपते. तिचं फुरफुरल होतं आणि फुरफुरल यीस्टला विष. शोलरने तोडगा काढला तो असा, उंच उभ्या टाकीत लाकूड ठासून भरायचं, वरून गरम आम्ल सोडायचं आणि साखर झाली की लगेच खालून काढून घ्यायची. पुन्हा आम्ल, पुन्हा काढणं. हे वाचताना मला आमचे पॅनमन आठवले. साखर वेळेत उतरवली नाही तर पॅन हातचा जातो हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. शोलरला एक टन कोरड्या लाकडामागे दोनशे लिटरच्या आगेमागे अल्कोहोल मिळायचं.

बेर्गिउसची साखर घ्या की शोलरची, ती चहात फारशी कधी पडलीच नाही. लाकडाच्या साखरेत ग्लुकोजबरोबर झायलोज, मॅनोज अशा दुसऱ्या साखरा असतात, लाकूड घट्ट धरून ठेवणाऱ्या लिग्निनचा कडवटपणा असतो, आणि आपल्या साखरेसारखा खडखडीत दाणा सहज पडत नाही. ग्लुकोज स्वच्छ करून दाणा पाडता येतो, पण त्याला पुन्हा खर्च. म्हणून ती बहुतेक अल्कोहोलमध्ये गेली किंवा यीस्टला खाऊ घातली. टोरुला जातीचं यीस्ट झायलोजही खातं, जे आपलं दारूचं किंवा पावाचं यीस्ट खात नाही. ते वाळवून जनावरांना घालायचं, वेळ आली तर माणसांनाही.

तशी वेळ लेनिनग्राडवर आली. रशियात लाकडाच्या हायड्रॉलिसिसचं, म्हणजे लाकूड फोडून साखर करण्याचं काम या शहरात १९३० च्या दशकातच सुरू झालं होतं आणि तिथल्या वनतंत्र अकादमीत वासिली शारकोव हा रसायनतज्ज्ञ त्यात मुरलेला होता. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनांनी वेढा घातला. २० नोव्हेंबरपासून कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम आणि इतरांना १२५ ग्रॅम पाव मिळू लागला, आणि तो पावही पुरता पिठाचा नव्हता. शारकोवच्या लोकांनी लाकडातून शुद्ध केलेलं सेल्युलोज पावात मिसळायला दिलं. त्यात पोषण शून्य, नुसता भर. खरा उपयोग झाला तो लाकडाच्या साखरेवर वाढवलेल्या यीस्टचा, कारण त्यात प्रथिनं होती आणि त्याचं सूप उपाहारगृहांत मिळू लागलं. ताळेबंदाची भाषा इथे चालत नाही. एका टनाला काय खर्च आला हे तिथे कोणी विचारलं नसेल, आणि विचारणार तरी कोणाला.

युद्ध संपल्यावर सोव्हिएत संघाने हा धंदा सोडला नाही, उलट वाढवला. सायबेरियात क्रास्नोयार्स्क, कान्स्क, तुलून इथे लाकडाचा भुसा, दक्षिणेकडे मक्याची दाणे काढलेली कणसं आणि सरकीची टरफलं, असे चाळीसच्या आसपास कारखाने झाले. त्यांचं यीस्ट कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जायचं. १९९१ नंतर सरकार गेलं, आणि कारखानेही एकामागून एक गेले.

पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट युद्धातलीही नाही आणि हुकूमशाहीतलीही नाही. ती स्वित्झर्लंडची आहे. ग्राउबुंडेन हा डोंगराळ प्रांत. जंगल भरपूर, पण जळाऊ लाकडाला गिऱ्हाईक कमी होत चाललेलं आणि गावाला काम नाही. वेर्नर ओस्वाल्ड नावाच्या माणसाने १९३६ साली तिथे लाकडापासून साखर करणारी कंपनी काढली. डोमाट-एम्स गावात शोलरच्या पद्धतीचा कारखाना युद्धात सुरू झाला. बाहेरचं पेट्रोल जेमतेम येत होतं, तेव्हा तिथलं अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळलं जायचं. लोक त्याला ‘एम्सचं पाणी’ म्हणायचे, आणि हे कौतुकाने म्हणत नसणार हे गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको.

युद्ध संपलं. समुद्रमार्गे स्वस्त पेट्रोल आलं. पण सरकारने एम्सचा माल घेण्याची हमी १९५५ पर्यंत दिलेली होती. ती संपत आली तशी कंपनीने आणखी मदत मागितली. म्हणणं काय, तर डोंगरातल्या लोकांचा रोजगार, जंगलाच्या लाकडाला भाव, आणि उद्या पुन्हा युद्ध झालं तर देशाला स्वतःचं इंधन. संसदेने मदत द्यायचं ठरवलं. विरोधकांनी सह्या गोळा करून सार्वमत लावलं आणि १३ मे १९५६ रोजी मतदारांनी ती मदत नाकारली. कारखाना मात्र मेला नाही. आधीच शेजारी सुरू केलेल्या नायलॉनच्या धाग्याकडे तो पुरता वळला, आणि आज एम्स हे नाव जगभर प्लास्टिकसाठी ओळखलं जातं.

रोजगार, भाव आणि स्वतःचं इंधन या एम्सच्या तीन मुद्द्यांतला एकेक मुद्दा आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत मी कानांनी ऐकला आहे. लाकडाच्या जागी ऊस घाला, डोंगराच्या जागी दुष्काळी तालुका घाला. म्हणून लाकडाच्या साखरेला ‘सरकारी टेकूवर उभी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, उसाची साखर कशावर उभी आहे? उसाचा किमान दर केंद्र ठरवतं, साखरेचा किमान विक्रीदर २०१८ पासून केंद्र ठरवतं, इथेनॉल मळीपासून केलं की रसापासून यावर दर वेगळा, तोही केंद्रच ठरवतं. ७ डिसेंबर २०२३ ला दिल्लीतून एक आदेश निघाला, रसापासून इथेनॉल बंद, आणि कोट्यवधींची कर्जं काढून बसलेल्या डिस्टिलऱ्यांचे हात-पाय गार पडले. आठवड्याभरात तो थोडा सैल झाला, हा भाग वेगळा. स्विस मतदारांपुढे निदान चिठ्ठी तरी टाकली गेली.

आता आम्लाचा नाद सुटला तो कसा, ते सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू आणि सुती पट्टे भराभर कुजायला लागले. कारण शोधता शोधता सॉलोमन बेटांवरून एक हिरवट बुरशी हाती लागली. नॅटिकच्या लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिचा अभ्यास केला. आधी प्रश्न तंबू वाचवायचा होता. पुढे तेल महागलं तसा प्रश्न उलटा झाला, हीच बुरशी रद्दी कागदाची साखर करून देईल का? तिचं एन्झाइम ते काम करतं, पन्नास अंशांवर, गंज नाही, धूर नाही. रीसच्या नावावरून तिला ट्रायकोडर्मा रीसाय म्हणतात. १९८० च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही पेनिसिलियम जातीच्या बुरशीवर असंच काम चाललं होतं. पण निसर्गाने लाकूड काही सहज सडावं म्हणून केलेलं नाही. लिग्निनचं आवरण फोडल्याशिवाय एन्झाइम आत शिरत नाही, आणि ते फोडायला शेवटी पुन्हा थोडं आम्ल आणि दाबाची वाफ लागतेच.

लाकडाच्या साखरेतून एकच गोष्ट सरळ दुकानात जाऊन बसली, ती झायलिटॉल. बर्चच्या लाकडातल्या झायलोजपासून ती करतात, हल्ली मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांपासूनही. एमिल फिशर आणि श्टाहेल यांनी १८९१ साली ती प्रयोगशाळेत केली होती. फिनलंडच्या तुर्कू शहरातल्या दंतवैद्यांनी १९७० च्या दशकात लोकांना दोन वर्षं साखरेऐवजी ती देऊन बघितली आणि दात किडणं विलक्षण कमी झालं. १९७५ साली तिथे झायलिटॉलचं च्युइंगगम आलं. (घरात कुत्रं असेल तर ते गम टेबलावर ठेवू नका, कुत्र्याला ती जीवघेणी ठरते.) आमच्या धंद्याला यात एक टोमणा आहे. लाकडाची साखर खपली ती उसाच्या साखरेने बिघडवलेले दात राखायला!

आपल्याकडे हा विषय इथेनॉलच्या दाराने आला. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीचा दिवसाला दहा टनांचा प्रकल्प २०१६ साली उत्तराखंडात काशीपूरला सुरू झाला. पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रज्ञानावर इंडियन ऑइलने हरियाणात पानिपतला भाताच्या काडापासून इथेनॉलचा कारखाना उभारला आणि १० ऑगस्ट २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं. वर्षाला दोन लाख टन काड, तीन कोटी लिटर इथेनॉल, खर्च नऊशे कोटींच्या घरात, असा तो आराखडा. भागाकार केला तर टनाला दीडशे लिटर येतात. शोलरचे दोनशे कोरड्या लाकडाचे होते, इथे काडात ओल आहे, माती आहे, सिलिका आहे, तेव्हा दोन्हींची सरळ तुलना नको. तरी नव्वद वर्षांत आकडा फार पळालेला नाही, एवढं कोणालाही दिसेल.

आणि आमचा चोथा? एक टन ऊस गाळला की साधारण २८० किलो चोथा निघतो, त्यात निम्मं पाणी. उरलेल्या १४० किलोत चाळीस टक्क्यांच्या वर सेल्युलोज आणि पंचवीसेक टक्के हेमिसेल्युलोज. सगळं तोडता आलं तर कागदावर शंभर किलोच्या आसपास साखर बसते. त्याच टनातून आम्ही पोत्यात भरतो ती शंभर-सव्वाशे किलोंच्या आत. म्हणजे जवळपास पोत्याएवढीच साखर दर टनाला बॉयलरमध्ये जाते. हा हिशोब मी एकदा संचालकांच्या बैठकीत फळ्यावर मांडला होता. एका जुन्या संचालकाने तंबाखू मळता मळता विचारलं, ‘‘आन् मग बॉयलर कशावर पेटवायचा, साहेब?’’

तो प्रश्न अजून तसाच आहे. चोथा हे फुकटचं उरलेलं नाही. त्याची वाफ मिल फिरवते, रस आटवते आणि उरलेली वीज महावितरण घेते. चोथ्याची साखर करायची तर बॉयलरला दुसरं जळण द्यावं लागेल. साखर काढून झाल्यावर मागे राहणारं लिग्निन जळतं खरं, पण ते पुरत नाही. शेतातलं पाचट शिल्लक आहे. बेलर यंत्रं आता पाचटाच्या गाठी बांधतात, पण गाठ बांधणं, भरणं आणि तीस किलोमीटर आणून कारखान्यात रचणं याचा दर धरला की आकडेमोड पुन्हा कोलमडते. शिवाय कृषी खातं सांगतं पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवा, जमीन सुधारते. आमच्या गावचे बरेच शेतकरी यातलं काहीच करत नाहीत. खोडवा राखायचा असला की तोड संपल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काडी लावतात.